कोकण किनाऱ्यावरचे जोराचे वारे खरोखर वाढले आहेत का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : हर्णैजवळच्या तुमच्या घराची कौले २०२० च्या निसर्ग वादळात उडाली, घरातील ज्येष्ठ मंडळी ‘असा वारा आम्ही कधी पाहिला नव्हता’ असे सांगतात, आणि आता छप्पर नव्याने घालताना वारे वाढत चालले आहेत असे धरून खर्च करावा की तो एक अपवाद मानून सोडून द्यावा. मी रत्नागिरी जिल्ह्यात इमारतींच्या आराखड्यांचे काम करतो, त्यामुळे वाऱ्याचा जोर किती धरायचा हा प्रश्न मला नेहमीच सोडवावा लागतो. माझ्या मते रोजचा वारा वाढलेला नाही, उलट जमिनीवरच्या नोंदींत तो मंदावलेलाच दिसतो. अरबी समुद्रातील चक्रीवादळे मात्र वाढली आहेत, आणि छप्पर रोजच्या वाऱ्याने उडत नसल्यामुळे तुम्ही हिशेब दुसऱ्या गोष्टीचा करायला हवा.

आधी नोंदींविषयी, कारण सगळा घोळ तिथेच होतो. हवामान खात्याच्या वेधशाळा डहाणू, कुलाबा, अलिबाग, हर्णै, रत्नागिरी अशा किनाऱ्याने आहेत, आणि कुलाब्याची वेधशाळा तर १८२६ पासूनची आहे. पण दोनशे वर्षांची वेधशाळा म्हणजे वाऱ्याची दोनशे वर्षांची एकसारखी नोंद नव्हे. वारा मोजण्याचे यंत्र बदलते, ते ज्या खांबावर बसवले आहे त्याची जागा बदलते, आणि सर्वांत मोठी अडचण म्हणजे यंत्राभोवतीचा परिसर बदलतो. मोकळ्या माळावर दहा मीटर उंचीवर बसवलेल्या यंत्राच्या आजूबाजूला तीन-चार मजली इमारती उभ्या राहिल्या, झाडे वाढली, की समुद्रावरचा वारा तेवढाच असला तरी कागदावरचा वारा कमी होतो. भारतातच नव्हे, जगभरच्या जमिनीवरील नोंदींत १९८० च्या आसपासपासून पुढची तीसेक वर्षे वारा मंदावल्याचे दिसते. त्यात हवामानाचा वाटा किती आणि वाढलेल्या बांधकाम-झाडोऱ्याचा किती, यावर अभ्यासकांत बराच वाद झाला आहे. २०१० नंतर अनेक भागांत हा कल उलटल्याचेही दिसते. म्हणून एखाद्या केंद्राच्या सरासरीचा आलेख दाखवून कोणी ‘वारे घटले, काळजी नको’ असे म्हणाले, तर त्यावर विसंबून छप्पर घालू नका.

पावसाळ्यातल्या वाऱ्यांचे चित्र वेगळे आहे. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून अरबी समुद्र ओलांडून येणारा नैर्ऋत्य मोसमी प्रवाह गेल्या काही दशकांत थोडा उत्तरेकडे सरकल्याचे आणि द्वीपकल्पावर त्याचा जोर काहीसा ओसरल्याचे अभ्यास आहेत. पण इथेही सरासरी वारा आणि झोत, म्हणजे काही सेकंदांपुरता येणारा जोराचा झटका, यांत गल्लत नको. ५ ऑगस्ट २०२० रोजी कोणतेही चक्रीवादळ मुंबईवर आलेले नसताना कुलाब्याला वाऱ्याचा झोत ताशी १०० किलोमीटरच्या वर गेला होता. आणि १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली रामदास बोट शेकडो प्रवाशांसह बुडाली, तीही ऐन पावसाळ्यातल्या तुफानातच. तेव्हा ‘असा वारा कधीच नव्हता’ हे शब्दशः खरे नाही. नोव्हेंबर १९४८ मध्ये तर चक्रीवादळाने मुंबईला चांगलेच झोडपले होते.

तरीही ज्येष्ठांचे म्हणणे मी उडवून लावणार नाही, कारण चक्रीवादळांच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी बरोबर आहे. पूर्वी वादळ म्हटले की बंगालचा उपसागर, आणि आपल्याकडे फार तर बंदरावर सावधगिरीचा तीन नंबरचा बावटा, असे समीकरण होते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९८२ ते २००० आणि २००१ ते २०१९ या दोन कालखंडांची तुलना केली, तेव्हा अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढलेली आणि बंगालच्या उपसागरातील ८ टक्क्यांनी घटलेली आढळली. मुख्य कारण तापलेला समुद्र. पृष्ठभागाचे तापमान साधारण २६.५ अंशांच्या वर असले की वादळाला इंधन मिळते, आणि अलीकडे मे महिन्यात अरबी समुद्र त्याहून कितीतरी अधिक तापलेला असतो. भर पावसाळ्यात खालचा आणि वरचा वारा परस्परविरुद्ध दिशांनी वाहत असल्यामुळे वादळाची उभी रचना टिकत नाही. म्हणून धोका मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर या दोन फटींत एकवटतो. २००९ च्या नोव्हेंबरातले फयान, २०१९ च्या ऑक्टोबरातले क्यार, ३ जून २०२० चे निसर्ग आणि मे २०२१ चे तौक्ते ही सगळी त्या फटींतलीच आहेत. तौक्ते तर कोकणावर आदळलेही नाही, नुसते समुद्रातून गुजरातकडे गेले, तरी कुलाब्याला ताशी ११४ किलोमीटरचा झोत नोंदला गेला.

इथे एक सावधगिरी बाळगायला हवी. चाळीस वर्षांची उपग्रहकालीन नोंद हवामानाच्या हिशेबात लहानच आहे, आणि २०१९ सारख्या वर्षी हिंदी महासागराच्या पश्चिम भागाचे तापमान नैसर्गिक चक्रामुळेही चढलेले होते. पण निर्णय घ्यायला एवढा कल मला पुरेसा वाटतो.

आता तुमच्या छपराचे. वाऱ्याच्या भाराच्या भारतीय मानकात मूळ वेग मुंबईसाठी सेकंदाला ४४ मीटर आणि पणजीसाठी ३९ मीटर धरला आहे, म्हणजे ताशी सुमारे १५८ आणि १४० किलोमीटर. हे आकडे पन्नास वर्षांतून सरासरी एकदा येणाऱ्या झोताचे आहेत; तरीही सलग पन्नास वर्षांत तो ओलांडला जाण्याची शक्यता ६४ टक्क्यांच्या आसपास असते, हे घरमालकाला सहसा कोणी सांगत नाही. चक्रीवादळासाठी हा वेग वाढवून धरण्याचा गुणक या मानकाच्या २०१५ च्या आवृत्तीत पूर्व किनाऱ्याला आणि गुजरातला लागू आहे, कोकणाला नाही. मी स्वतः समुद्राजवळच्या घरांसाठी तो गुणक आपणहून धरतो. वेग १० टक्क्यांनी वाढला की दाब २१ टक्क्यांनी वाढतो, त्यामुळे इथली काटकसर महागात पडते.

शिवाय तुमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, जी कोणत्याही वेधशाळेच्या नोंदीत सापडणार नाही. निसर्गने श्रीवर्धन-दिवेआगरपासून केळशी-आंजर्ल्यापर्यंत माड-सुपारीच्या वाड्या आणि पुळणीवरची सुरूची बने आडवी केली. ती झाडे वाऱ्याचा मार अंगावर घेत होती. नवी सुपारी लावली तरी तिला आडोसा देण्याइतकी उंची यायला बरीच वर्षे जातात, तोवर तेवढाच वारा तुमच्या घराला पूर्वीपेक्षा जास्त जोराने भिडणार.

निसर्गनंतर मी जी छपरे तपासली, त्यांत बहुतेक ठिकाणी वासे जागच्या जागी होते, हूक बोल्टही वाशाला तसेच अडकलेले होते, आणि पत्रा मात्र वॉशरभोवतीचे छिद्र फाडून निघून गेलेला होता. सुरुवात जवळजवळ नेहमी वळचणीपाशी, आढ्यापाशी किंवा कोपऱ्यावर झालेली, कारण वाऱ्याचे ओढून घेणारे बल तिथेच सर्वाधिक असते. म्हणून कौले परत घाला वा पत्रे, या कडांच्या पट्ट्यात बांधणी मधल्या भागापेक्षा निदान दुप्पट दाट ठेवा, रुंद वॉशर वापरा, खाऱ्या हवेत साधे लोखंडी बोल्ट टिकत नाहीत म्हणून ते स्टेनलेसचे घ्या, आणि वासे भिंतीच्या माथ्यावरच्या काँक्रीट पट्ट्याला पोलादी पट्टीने जखडा. पडवी उघडी असेल तर वारा खालून शिरून छपराला वर ढकलतो आणि वरून ओढतोही; तेव्हा पडवीचे छप्पर मुख्य छपरापासून वेगळ्या वाशांवर घ्या, म्हणजे ते गेलेच तर घराचे आढे सोबत नेणार नाही.