चित्रकला शिक्षिकेची नोकरी करून स्वतःची चित्रं काढणं जमतं का? आणि गावातल्या शाळेची भिंत फुकट रंगवून द्यायला सांगतात, द्यावी का?

पहिल्याचं उत्तर सोपं आहे, जमतं. चित्रकार सावळाराम हळदणकरांनी १९०८ मध्ये मुंबईत चित्रकलेचे वर्ग सुरू केले, पुढे कित्येक पिढ्यांना शिकवलं, आणि हातात दिवा धरलेल्या स्त्रीचं ते जलरंगातलं चित्र, जे बघायला लोक म्हैसूरला जातात, तेही त्यांचंच. मुलांच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षांची तयारी चालू असेपर्यंत फक्त रेखाटनवही चालू ठेवा, मोठ्या कागदाला नंतर हात घाला. संपला विषय.

भिंतीचं मात्र सविस्तर सांगते, कारण या भिंतींनी फार डोकं खाल्लंय.

४० फूट लांब, ६ फूट उंच कुंपणाची भिंत धरा, म्हणजे २४० चौरस फूट. बाहेरच्या भिंतीचं ॲक्रिलिक इमल्शन दोन हातांना लिटरमागे साधारण ५० चौरस फूट जातं, म्हणजे नुसत्या चित्राखालच्या बैठकीच्या रंगाला पाच लिटर. प्रायमर अडीच लिटर. वर चित्राचे रंग, खरवडायची पत्री, तारेचा ब्रश, पुट्टी. मुख्याध्यापक मंडळींच्या डोक्यात 'रंगाचे चार डबे' एवढंच असतं.

अशाच एका हायस्कुलात वाद झाला होता. म्हणे पुट्टीला पैसे नाहीत, ऑइल पेंट मारा, तो धुता येतो. सिमेंटच्या ओलसर भिंतीवर ऑइल पेंट म्हणजे पैसे गटारात. प्लास्टरमधला क्षार त्या रंगातलं तेल खातो, आतली ओल बाहेर पडायला वाट शोधते, आणि पावसाळा सरेपर्यंत तळहाताएवढे पापुद्रे सुटतात. तिथे तेच झालं, आणि 'बाईंचा रंग टिकला नाही' हे वर ऐकून घ्यावं लागलं.

म्हणून आधी ओल तपासा. फूटभर प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीला डकवा आणि दुसऱ्या दिवशी काढा. भिंतीकडच्या बाजूला दव जमलं असेल तर ओल आतून येतेय. तळाशी पांढरी भुकटी दिसली तर तो लोणा. ब्रशने झाडला तरी जमिनीतलं पाणी चढतंय तोवर परत येणार. अशा भिंतीचा खालचा दीड फूट चित्रासाठी नाहीच असं समजा. तिथे साधा करडा पट्टा मारा, चित्र त्याच्या वर सुरू करा. पट्टा दरवर्षी शिपाईसुद्धा रंगवू शकतो. प्लास्टर नवं असेल तर निदान महिनाभर हात लावू नका.

पुट्टी सिमेंटची घ्या. आतल्या खोल्यांची ॲक्रिलिक पुट्टी पावसात मऊ पडते. स्टेनर, म्हणजे पांढऱ्यात मिसळायचा घट्ट रंग, लिटरमागे ४०-५० मिलीच्या वर घालायचा मोह टाळा. रंग गडद होतो खरा, पण नीट वाळत नाही आणि ओघळ येतात. चटक गुलाबी आणि लिंबू पिवळा उन्हात आधी उडतात. गेरूचा तांबडा, रामरजचा पिवळा आणि काळा हे टिकाऊ गडी. शक्यतो त्यांच्यावरच चित्र उभं करा.

कच्चं चित्र एक इंचाला एक फूट या मापाने काढा, त्यावर चौकोन पाडा, तेच चौकोन भिंतीवर दोरीने मारा. गवंडी दोरीला नीळ लावतात. ती ओल्या पांढऱ्या रंगात मिसळून निळसर डाग देते. खडूची पूड वापरा. सपाट भाग पाचवी-सहावीच्या पोरांना द्या, बाह्यरेषा नववीच्यांना, आणि एका वाटीत एकच रंग. पश्चिमेची भिंत असेल तर काम सकाळी सात ते अकरा. दुपारनंतर ती इतकी तापते की रंग ब्रशवरच सुकतो आणि एकेक फटकारा वेगळा दिसतो.

'वारली काढा, सोपी असते' असं हमखास सांगतील. तारपा नाच, शेतीची कामं, झाडं खुशाल काढा. पण लग्नाच्या वेळी सवाशिणी पालघटदेवीसाठी जो पूजेचा चौक लिहितात, तो स्वच्छतागृहाच्या भिंतीवर शोभा म्हणून चितारलेला पाहिला की संताप येतो. आणि तांदळाचं पीठ उघड्या भिंतीवर टिकत नाही, पांढरं इमल्शनच लागतं.

आता फुकटचं. नको. त्याच भिंतीवर 'पाणी वाचवा' लिहिणाऱ्या पेंटरला चौरस फुटाने पैसे मोजतात आणि चित्रकलेच्या बाईंना शाल-श्रीफळ. 'तुमची तर कला आहे, तिला मोल कसलं?' असं म्हणणाऱ्यांना गणिताच्या सरांकडून फुकट शिकवणी मागायला सांगा. कागदावर लिहून घ्या: भिंत खरवडणं, धुणं, पुट्टी आणि प्रायमर त्यांच्याकडे, निम्मे पैसे आधी, ओलीमुळे रंग सुटला तर जबाबदारी तुमची नाही.

तुमच्याच शाळेची भिंत असेल आणि तासाला मुलं सोबत असतील, तर ते शिकवणंच झालं, त्याचे पैसे मागू नका. साहित्याचे मात्र नक्की मागा. आणि हो, नोकरी धरायच्या आधी ती पूर्ण पगाराची आहे की अंशकालीन निदेशक, म्हणजे अर्धवेळ शिक्षिका म्हणून मानधनावर, हे विचारून घ्या. मानधनावर असाल तर वर्षाला दोन-तीन भिंतींची कामं धरूनच घरखर्चाचा हिशेब मांडा.