ऑटोवर फोटो कधी पांढरेफटक, कधी काळपट येतात. मॅन्युअल शिकलो तर सुधारतील का?

नुसता मोड बदलून नाही सुधारणार. ऑटो असो, एव्ही (ॲपर्चर म्हणजे लेन्सचं छिद्र तुम्ही ठरवता, बाकी कॅमेरा) असो की मॅन्युअल, उजेड मोजणारं मीटर तेच असतं. मॅन्युअलमध्ये काटा शून्यावर आणून बटण दाबलंत, तर ऑटोनं जे केलं असतं तेच तुम्ही हातानं केलंत. त्यामुळे आधी मीटर कुठे फसतं ते ओळखायला शिका.

समोरची वस्तू मुळात पांढरी आहे की काळी, हे मीटरला कळत नाही. परत येणारा उजेड मध्यम राखाडी वस्तूवरूनच येतोय असं ते धरून चालतं. नवे कॅमेरे चेहरे वगैरे ओळखतात, पण मूळ कल हाच. पावसाळ्यात चोर्ला घाटात धुकं उतरलं की सगळी चौकट पांढरी असते आणि फोटो मात्र मळकट राखाडी येतो. तिथं एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (मीटरच्या मापापेक्षा उजेड कमी-जास्त करायची सोय) +१ करा, म्हणजे दुप्पट उजेड.

उलट प्रकार बघायचा तर बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीत जा. १२०४ सालचं हे जैन मंदिर काळसर दगडाचं आहे. छतावरचं कमळ चौकटभर घेतलं की मीटर त्या दगडाला राखाडी करून टाकतं आणि त्याचा सगळा रुबाब जातो. −१ केलं की दगड पुन्हा दगडासारखा दिसतो. पण तिथंच दार चौकटीत आलं, तर बाहेरच्या उन्हानं मीटर दबतं आणि आतलं कोरीवकाम काळं पडतं. अशा वेळी स्पॉट मीटरिंग (चौकटीतल्या छोट्याशा भागावरूनच मोजणं) लावून कोरीवकामावरच मोजा. सरावाला याहून चांगली जागा मला तरी माहीत नाही. हे सगळं एव्ही मोडमध्येच होतं, मॅन्युअलची गरज पडत नाही.

मॅन्युअल खरं कामाला येतं ते उजेड तोच राहून मागचं दृश्य बदलत असतं तेव्हा. आपल्याकडच्या जत्रेतल्या कुस्त्या घ्या. ऊन सगळ्या मैदानावर सारखंच, पण पैलवानांच्या मागं एकदा तांबडी माती येते, एकदा पांढरे सदरे-टोप्यांची गर्दी. ऑटो दर फोटोला मत बदलतं आणि पैलवान कधी उजळ, कधी काळा. कडक उन्हात आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) २००, ॲपर्चर एफ/५.६, शटर १/१६०० सेकंदाच्या आसपास ठेवून एक फोटो काढा, हिस्टोग्राम (फोटोतल्या काळ्या-पांढऱ्याचा आलेख, पांढरं उजवीकडे) उजव्या कडेला आदळत नाही ना ते बघा आणि मग आकड्यांना हात लावू नका. ऊन कललं की मात्र पुन्हा तपासा. दोन गोष्टी सांभाळा: ऑटो आयएसओ बंद करा, नाहीतर नावालाच मॅन्युअल. आणि १८-५५ची किट लेन्स असेल तर ॲपर्चर एफ/५.६ वरच ठेवा, एफ/३.५ लावून झूम केलंत तर ते आपोआप लहान होतं आणि फोटो काळपट येतो.

शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत मॅन्युअलचा हट्ट धरू नका. पावलागणिक दिवे बदलतात, आकडे फिरवेपर्यंत रथ पुढे गेलेला असतो. ऑटो आयएसओ, शटर किमान १/१२५ आणि कॉम्पेन्सेशन −१, कारण मागचा अंधार बघून कॅमेरा उगाच उजेड वाढवतो आणि कलाकारांचे चेहरे पांढरे पडतात.

फोटो रॉमध्ये (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) काढा. काळपट भाग नंतर बराच उजळता येतो, पण पूर्ण पांढऱ्या झालेल्या भागात काढण्यासारखं काहीच उरत नाही. शंका असेल तेव्हा थोडा काळपट फोटो परवडला.