उतारवयात बेंचवरून यायला नकार देणारा खेळाडू माजोरडा असतो का?

तुमचा प्रश्न असा की 2009 साली एनबीए ह्या अमेरिकेच्या बास्केटबॉल लीगमध्ये, डेट्रॉइटच्या टीममध्ये, ॲलन आयव्हर्सननं ‘बेंचवरून येण्यापेक्षा (म्हणजे सुरुवातीच्या पाचात नसता बदली म्हणून खेळण्यापेक्षा) निवृत्त होईन’ असं सांगितलं, तो माज होता की टीमनं त्याला नीट वागवलं नाही?

माज होता, आणि तरी चूक टीमची जास्त. आता हे कशावरून म्हणतोय ते सांगायचं तर थोडं लांबेल. त्या वर्षी मी डेट्रॉइटच्या एका उपनगरात राहत होतो, सदतीस वर्षांचा होतो आणि त्याच मार्चमध्ये मलाही एका टीमनं बेंचवर बसवलं होतं. आमची टीम म्हणजे शनिवारी शाळेचं जिम भाड्यानं घेऊन खेळणारे देशी इंजिनिअर, आणि मानधन म्हणजे मॅचनंतरचा पिझ्झा. हसा खुशाल.

आधी आयव्हर्सनचं सांगतो. सगळे ‘बेंच, बेंच’ करतात, पण भांडण बेंचचं नव्हतंच. बॉल कोणाच्या हातात राहणार, याचं होतं. हा सहा फुटी माणूस 1996 च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) पहिला, चार वेळा लीगमध्ये पॉइंटची सर्वाधिक सरासरी, 2001 चा एमव्हीपी, म्हणजे मोसमातला सर्वोत्तम खेळाडू. ही सगळी कमाई एकाच पद्धतीची: बॉल त्याच्याकडे आणि बाकीचे चौघे निस्तरायला. कोच लॅरी ब्राउननं फिलाडेल्फियात टीमच तशी बांधली होती. एरिक स्नोला पॉइंट गार्ड (चाल रचणारा) केलं, आयव्हर्सनला मोकळं सोडलं, ॲरन मॅकी आणि जॉर्ज लिंच डिफेन्सला, मागे मुटोम्बो. ह्याचे चुकलेले शॉट गोळा करणं हेसुद्धा त्यांच्या कामातच धरलेलं. त्यावर 2001 च्या फायनलमधली पहिली मॅच त्यानं लेकर्सच्या घरात 48 पॉइंट मारून काढली. नंतरच्या चार हरले, पण ते कोणाला आठवतंय?

आता डेट्रॉइट. अगदी उलट्या वळणाची टीम. 2004 ला ह्याच लॅरी ब्राउननं तिथे एकही सुपरस्टार नसताना चॅम्पियनशिप आणली होती. हॅमिल्टन स्क्रीनच्या (वाट अडवून उभ्या सोबत्याच्या) मागून मागून पळत राहणार, चॉन्सी बिलप्स घड्याळ बघून सेट, म्हणजे ठरलेली चाल, लावणार, बॉल पाच हातांतून फिरणार. सलग सहा वर्षं कॉन्फरन्स फायनल, म्हणजे लीगच्या अर्ध्या भागाची फायनल. आणि 3 नोव्हेंबर 2008 ला त्यांनी तो बिलप्स डेन्व्हरला देऊन आयव्हर्सन आणला. त्याचा नेहमीचा 3 नंबर स्टकीकडे होता म्हणून ह्याच्या पाठीवर 1 आला. पहिल्या दिवसापासून अंगात परका सदरा.

आधीच्या मोसमात हाच माणूस डेन्व्हरकडून सगळ्या 82 मॅच खेळला होता, 26 च्या वर सरासरीनं. म्हणजे संपलेला नव्हता, पण उतार लागला होता. तेहतीस वर्षं वय आणि अंगावर बारा वर्षांची आपटाआपट. डेट्रॉइटला आल्यावर सरासरी सतराच्या आसपास आली. सतरा काही वाईट नाही हो. पण आयव्हर्सनचे सतरा म्हणजे गवयाला कोरसात उभं करून ‘सूर बरा लावतोस’ म्हणण्यासारखं.

मी पॅलेसला, म्हणजे डेट्रॉइटच्या टीमच्या स्टेडियमला, तीनदा गेलो त्या हिवाळ्यात. गाड्यांच्या कंपन्या सरकारच्या दारात कर्ज मागत होत्या, आमच्या ऑफिसात दर शुक्रवारी कोणी ना कोणी खोका भरून निघायचं, आणि ओळखीतला कोणी ना कोणी ‘तिकीट पडून आहे, जातोस का’ म्हणायचा. एका मॅचमधली एक चाल मला अजून दिसते. आयव्हर्सन बास्केटसमोर लांब उभा, बॉल हातात, एक हूल, दुसरी हूल, मग तो क्रॉसओव्हर, टप्पा झटक्यात एका हातातून दुसऱ्या हातात. पूर्वी ह्या क्रॉसओव्हरनंतर समोरचा माणूस मागे जमिनीवर दिसायचा. ह्या वेळी तो अर्धं पाऊल हलला आणि परत समोर आला. तेवढंच. हॅमिल्टन तोवर दोन स्क्रीनमधून पळून, मोकळा होऊन, परत झाकला गेला होता. बाकीचे उभे. माझ्या शेजारी बसलेले गोरे आजोबा स्वतःशीच ‘चॉन्सी, चॉन्सी’ करत होते, देवाचं नाव घ्यावं तसं. मार्चमध्ये बिलप्स डेन्व्हरच्या कपड्यांत खेळायला आला तेव्हा तर अख्खं पॅलेस त्याच्यासाठी उभं राहिलं.

कोच होता मायकल करी, हेड कोच म्हणून पहिलंच वर्ष. त्यानं आधी हॅमिल्टनला बेंचवर पाठवलं आणि आयव्हर्सनला सुरुवातीला ठेवलं. घरचा जावई बाहेर, पाहुणा माजघरात. मग फेब्रुवारीअखेर आयव्हर्सन पाठीच्या दुखण्यानं बसला, हॅमिल्टन परत आत आला आणि लागोपाठ हरत चाललेल्या टीमनं ऑर्लँडोला पाडलं, बोस्टनलाही पाडलं. महिन्याभरानं आयव्हर्सन परतला तो बेंचवरून. तीन मॅच कशाबशा खेळला, मग ते निवृत्तीचं वाक्य बोलला, आणि 3 एप्रिलला टीमनं ‘पाठ दुखतेय’ म्हणून उरलेल्या मोसमासाठी त्याला घरी बसवलं. पाठ! सगळ्या मिशिगनला ठाऊक होतं काय दुखतंय ते.

आता माझं.

नागपुरात शाळेपासून खेळत आलो, पुढे विद्यापीठाकडून. मी शूटर नव्हे. माझी जागा लेफ्ट एल्बो, म्हणजे फ्री थ्रोच्या रेघेचं डावं टोक. तिथे बॉल घ्यायचा, पाठ लावायची, एकदा उजव्या खांद्याची हूल द्यायची आणि डावीकडे वळून उडी. वीस वर्षं हेच, आणि हे रोखायला दोन माणसं लागायची. डेट्रॉइटला 2005 मध्ये ती टीम जमवली कोणी? मी. जिमच्या मॅनेजरशी घासाघीस करून दर तासाचे पैसे कमी करून घेतले कोणी? जाऊ दे.

2008 मध्ये आमच्यात एक मुलगा आला. आपलाच, मराठी, सव्वीस वर्षांचा, इकडेच एमएस केलेला. चांगला खेळायचा, खोटं कशाला बोलू. सहा महिन्यांत कॅप्टन झाला. त्याच्या डोक्यात एकच: पाचही जण तीन पॉइंटच्या रेघेबाहेर, बास्केटजवळ मोकळं ठेवायचं, दोनपेक्षा जास्त ड्रिबल नाही. म्हणजे माझा लेफ्ट एल्बो सरळ नकाशावरून पुसलेला. मला म्हणायचा, “दादा, तुम्ही फक्त कॉर्नरला थांबा. तुमचा माणूस तुमच्यासोबत बाहेर आला की आमचं काम झालं.”

म्हणजे माझं काम काय, तर उभं राहणं. बुजगावणं.

मार्चमध्ये देशी टीमची एक दोन दिवसांची टूर्नामेंट होती. गुरुवारी रात्री साडेअकराला ग्रुपवर मेल आला, स्टार्टिंग फाइव्हची यादी. माझं नाव सहावं. तिसऱ्या ओळीत ‘दादा ब्रिंग्ज एनर्जी फ्रॉम द बेंच’ आणि पुढे हसरा चेहरा. हा मुलगा माझ्या घरापासून चार मैलांवर राहत होता. त्याच मंगळवारी माझ्या घरी येऊन भरली वांगी दोनदा मागून घेऊन खाल्ली होती त्यानं. तेव्हा तोंडातून शब्द नाही. बायको म्हणाली, मेल आहे, मेलला काय लावून घेतोस. पण मेल होता म्हणूनच लागलं.

सेमीफायनलला गप्प बसलो. फायनलला पहिल्या हाफची सहा मिनिटं उरली असताना आत गेलो. राइट कॉर्नर. एकदा बॉल आला नाही. दोनदा आला नाही. पायाखालची ती निळी रेघ अजून आठवते, तिचा रंग एका ठिकाणी उडाला होता, कारण माझ्याकडे बघायला दुसरं काही नव्हतं. तिसऱ्या वेळी कॅप्टन आत घुसला, दोघं त्याच्यावर गेले आणि त्यानं मला पास फेकला. नीट, छातीवर.

इथे मारायला हवा होता. कोणालाही विचारा. पण माझ्या हाताला तिथून मारायची सवयच नव्हती हो! बॉल हातात पडला आणि पाय आपोआप चालू पडले. एक ड्रिबल, दुसरा, तिसरा, मी माझ्या एल्बोकडे निघालो, जशी म्हैस संध्याकाळी गोठ्याकडे निघते. तिथे गर्दी होती. बॉल गेला, समोरून फास्ट ब्रेक, लेअप. कॅप्टन ओरडला, “दादा, ओपन होते ना तुम्ही!” सगळ्यांसमोर. प्रेक्षकांत बायका-मुलं बसलेली. मीही काहीबाही बोललो, ते इथे लिहिण्यासारखं नाही. हाफ टाइमला बूट काढले, जॅकेट घातलं आणि पार्किंगमध्ये जाऊन गाडीत बसलो, हीटर लावून. उघड्या पायांनी. बाहेर बर्फ, बूट आत राहिलेले. परत आत कसं जायचं, हा मोठा प्रश्न होता. शेवटी बायकोच घेऊन आली. गाडीत घरापर्यंत एक अक्षर बोलली नाही, ती शांतता त्या ओरडण्यापेक्षा जड होती.

आणि त्यानंतर पंधरवड्यानंच आयव्हर्सनचं ते निवृत्तीचं वाक्य पेपरात आलं. मी ते वर्तमानपत्र दोन वर्षं जपून ठेवलं होतं.

तर मुद्दा काय? ‘भूमिका स्वीकार’ म्हणणाऱ्यांना वाटतं भूमिका म्हणजे टोपी, ही काढली ती घातली. आयव्हर्सनची तीन पॉइंटच्या शॉटची कारकिर्दीतली टक्केवारी 31 च्या आसपास, म्हणजे कमीच. त्याला कॉर्नरला उभं करून काय मिळणार होतं? बॉल काढून घेतला की उरतो तो एक सहा फुटी, थकलेला, बाहेरून बेताचाच मारणारा गार्ड. हे डेट्रॉइटला व्यवहार करताना दिसत नव्हतं? दिसत होतं. टीमचा कारभारी जो ड्यूमार्स स्वतः मोठा गार्ड होता, त्याला नाही दिसणार? पण आयव्हर्सनचा करार त्याच मोसमाअखेर संपणार होता, तेवढे मोठे पैसे मोकळे होणार होते. खेळाडू नाही आणला त्यांनी, हिशेबाच्या वहीतली एक ओळ आणली. आणि वहीतल्या ओळीला कोणी समोर बसवून ‘बाबा रे, तुझं काम आता हे’ असं सांगत नाही.

पुढे मेम्फिसला तेच. 2009 च्या नोव्हेंबरात तिथे पहिल्या मॅचला बेंचवरून आणलं. मांडीचा स्नायू कसा आहे विचारल्यावर म्हणाला, तो ठीक आहे, बाकावर बसून बसून बूड दुखतंय. तीन मॅचमध्ये खेळ खलास. मला विचाराल तर ह्यात विनोद आहे आणि रडूही आहे. नंतर फिलाडेल्फियानं परत बोलावलं तेव्हा त्यानं वाकून कोर्टवरच्या लोगोचा मुका घेतला, तो व्हिडिओ मी बायकोसमोर बघत नाही.

कोणीतरी येऊन सॅन अँटोनियोच्या जिनोबिलीचं उदाहरण देईलच, म्हणून आधीच सांगतो. जिनोबिली बेंचवरून यायचा, पण आल्यावर बॉल त्याच्याच हातात असायचा. ते बेंच वेगळं. रे ॲलननं 2013 च्या फायनलमध्ये बेंचवरून येऊन कॉर्नरमधून तो शॉट मारला, कारण तो जन्माचा शूटर, कॉर्नर हे त्याचं माहेर. खरं उदाहरण व्हिन्स कार्टरचं आहे. उड्या मारणारा माणूस डॅलसला सहावा झाला, बाहेरून मारायला लागला आणि 2020 पर्यंत खेळला. तो मात्र मोठाच. त्याच्यापुढे माझं काही चालत नाही.

तुमच्याकडे असा कोणी असेल, कंपनीच्या टीममध्ये किंवा कुठेही, तर घरी जा, चहा घ्या आणि तोंडावर सांगा. रात्री साडेअकराला मेल टाकू नका. हसरा चेहरा तर मुळीच नको.

आता दोन गोष्टी राहिल्या, त्या सांगितल्या नाहीत तर बायको इथे खाली येऊन लिहील. एक: डेन्व्हर बिलप्सला घेऊन त्या वर्षी 54 मॅच जिंकून कॉन्फरन्स फायनलपर्यंत गेलं आणि डेट्रॉइट 39-43 वर राहून पहिल्याच फेरीत क्लीव्हलंडकडून 4-0 नं बाहेर पडलं. त्यामुळे बॉल फिरवणारा माणूसच लागतो, हे मान्य. दोन: आमच्या टीमनं ती फायनल माझ्याशिवाय चार पॉइंटनी जिंकली. ट्रॉफीच्या फोटोत मी नाही.

तो कॅप्टन ह्या साइटवर आहे, मला ठाऊक आहे, क्रिकेटवर लिहीत असतो. वाचत असशील तर ऐक: मी ओपन नव्हतो. त्या हिरव्या जर्सीवाल्याचा हात वर होता.