ऑनलाइन फळ्याचे पैसे भरावेत का?

प्रश्न : धरमपेठेत आमचं सहा जणांचं सल्लागार कार्यालय आहे. पुण्याच्या ग्राहकांसोबत फ्लोचार्ट काढावे लागतात. मिरो या ऑनलाइन फळ्याचे तीन फुकट बोर्ड भरले. आता पैसे भरावेत का? – एक वाचक, नागपूर

उत्तर : आधी हिशेब मांडा. दर माणशी असतो. महिना 8 डॉलर धरले तरी सहा जणांचे वर्षाला 576 डॉलर, वर 18 टक्के जीएसटी. सहापैकी रोज काढणारे बहुधा दोघंच. बाकीचे नुसते पाहतात. त्यांच्यासाठी पैसे मोजू नका, फक्त पाहण्याची लिंक द्या.

नुसते फ्लोचार्टच असतील तर ड्रॉ डॉट आयओ फुकट आहे आणि पुरतं. फाइल गूगल ड्राइव्हवर ठेवा. संगणकावर उतरवलेली आवृत्ती नेट नसतानाही चालते. गोची होते ती ग्राहकाला पाठवताना: साधी पीएनजी (चित्राची फाइल) दिली की नंतर बदल करता येत नाही. एक्स्पोर्ट करताना आकृतीची प्रत चित्रातच ठेवण्याच्या पर्यायावर टिक करा. तीच पीएनजी पुन्हा उघडून दुरुस्त करता येते. चित्र व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून टाकू नका. ते दाबलं जातं, आतली आकृतीही जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

पैसे कधी वसूल होतात? आठवड्यातून दोन-तीनदा सगळे एकाच वेळी फळ्यावर चिठ्ठ्या लावत, मतं देत बसत असाल तर. तेव्हाही आधी महिन्याचीच वर्गणी घ्या, वार्षिक सवलतीला भुलू नका.

आणि जुने बोर्ड पीडीएफ करून ठेवाच. गूगलचा ऑनलाइन फळा जॅमबोर्ड 31 डिसेंबर 2024 रोजी बंद झाला, तो फुकटच होता.