आजीच्या सुरकुत्या पुसायच्या का?

प्रश्न : आजी ऐंशीच्या पुढं गेली आहे. कोळशानं तिचं चित्र काढलं, तर घरचे म्हणाले, "किती म्हातारी केली तिला!" सुरकुत्या पुसल्या, तर आजीच राहिली नाही. युरोपात प्रबोधनकाळातले चित्रकार म्हातारपण कसं दाखवायचे?
– एक वाचक, आर्वी तालुका, जि. वर्धा

उत्तर : सुरकुत्या पुसू नका. बहुतेकदा चेहरा तरुण राहतो आणि वर नुसत्या काळ्या रेघा येतात, तिथंच चित्र फसतं. आधी हाडं धरा. कानशिलं खोल जातात, गालाचं हाड वर येतं, दात पडले की ओठ आत वळतात आणि हनुवटी पुढं आल्यासारखी दिसते.

जर्मन चित्रकार ड्यूररनं १५१४ साली आपल्या ६३ वर्षांच्या आईचं चित्र कोळशानंच काढलं. मानेच्या ताणलेल्या शिरा, कपाळावरच्या आठ्या, काहीच लपवलेलं नाही. डोक्यावरचं फडकं मात्र थोडक्या रेघांत उरकलं आहे, म्हणून नजर चेहऱ्यावरच टिकते. दोनच महिन्यांत ती वारली.

आजीला ओसरीत दाराजवळ बसवा, उजेड एकाच बाजूनं येऊ द्या. अंगणातल्या भर दुपारच्या उन्हात डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. सुरकुती ही लुगड्याच्या चुणीसारखी घडी असते : एक कड उजळ, दुसरीकडं मऊ सावली. सावली बोटानं पसरा, उजळ कड रबरानं उचला. कपाळावर तीन-चार मुख्य घड्याच घ्या. सगळ्या सारख्याच गडद केल्या की चेहऱ्यावर जाळी पडते. डोळ्यांच्या कोपऱ्यातल्या बारीक रेषा अगदी शेवटी. (कोळसा घरी करायचा तर सोललेली तुराटी झाकणाला बारीक भोक पाडलेल्या डब्यात भाजा. धूर थांबला की डबा उतरवा, पण पूर्ण निवल्याशिवाय उघडू नका. हवा लागली की राख होते.)

पावडर आणि ठेवणीतली साडी नको. फ्लेमिश चित्रकार मासैसनं १५१३च्या सुमारास रंगवलेल्या म्हातारीनं तरुणीसारखा खोल गळ्याचा पोशाख घातला आहे, डोक्यावर तेव्हाच जुनाट झालेला शिंगाळ शिरपेच आणि हातात गुलाबाची कळी. तिथं हसू येतं ते या नटण्याचं. इटालियन चित्रकार जॉर्जोनेनं रंगवलेली म्हातारी साध्या कपड्यांत आहे, तोंड अर्धवट उघडं. हातातल्या चिठ्ठीवर 'कोल तेम्पो', म्हणजे 'काळाबरोबर', आणि बोट स्वतःकडं. तिला हसावंसं कुणाला वाटत नाही. आजी रोज नेसते तेच लुगडं राहू द्या.

वीस मिनिटांनी तिला उठू द्या. थकली की मान खाली जाते, जबडा सैलावतो, आणि घरच्यांना खुपतो तो थकवाच कागदावर उतरतो.