खड्डे खणण्याआधीची यादी

प्रश्न : आमची नगरपरिषद दर पावसाळ्यात रस्त्याच्या कडेने आणि गावामागच्या टेकडीवर झाडे लावते, मात्र त्यांत गुलमोहर, सोनमोहर आणि गिरिपुष्प यांचाच भरणा असतो. देशी झाडे लावावीत, असे निवेदन आम्ही जूनमध्ये दिले, तेव्हा ‘रोपे आलेली आहेत, पुढच्या वर्षी पाहू’ असे सांगण्यात आले. कायद्याचा काही आधार घेता येईल का? – एक वाचक, जि. सातारा

उत्तर : घेता येईल. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ हा बहुतेकांना वृक्षतोडीच्या परवानगीपुरताच ठाऊक असतो. पण कोणत्या भागात किती आणि कोणत्या प्रकारची झाडे असावीत, याची मानके ठरवणे, तसेच रोपवाटिका उभारणे व चालवणे ही कामेही त्याने वृक्ष प्राधिकरणावर, म्हणजे झाडांच्या कामासाठी या कायद्याने नेमलेल्या नगरपरिषदेच्या समितीवर, कर्तव्य म्हणून सोपवली आहेत. त्यामुळे आपली मागणी उपकाराची नाही. प्राधिकरणाने आपले नेमून दिलेले काम करावे, एवढीच ती आहे, आणि निवेदनाची भाषाही तशीच असावी.

जूनमध्ये मिळालेले उत्तर टोलवाटोलवीचे वाटले, तरी त्यात तथ्य आहे. गिरिपुष्पाच्या फांद्या खोचल्या की फुटतात आणि गुरे सहसा त्याला तोंड लावत नाहीत. ठेकेदाराला आणखी काय हवे? उलट वावळ, धावडा, काटेसावर किंवा नाणा यांचे बी त्या-त्या हंगामात गोळा करावे लागते आणि रोप लावण्याजोगे होईपर्यंत सांभाळावे लागते. ते काम कोणी आधी सांगितलेलेच नसेल, तर रोपवाटिकेत जे असेल तेच ट्रकमधून येणार. म्हणून अंदाजपत्रकाची तयारी सुरू असते त्या हिवाळ्यातच प्राधिकरणाला लेखी निवेदन द्यावे, त्याची पोच घ्यावी आणि झाडांची नावे, रोपांची किमान उंची व निगा राखण्याची मुदत या तीन गोष्टी निविदेच्या अटींत घालण्याची मागणी करावी. गेल्या तीन वर्षांच्या रोपखरेदीची प्रजातीवार माहिती माहितीच्या अधिकारात आधीच मागवून ठेवली, तर बैठकीत हवेत बोलावे लागत नाही.

अधिनियमातील २०२१च्या दुरुस्तीचाही उपयोग होईल. तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याचे बंधन तीत आहे. म्हणजे साठ वर्षांचा वड गेला, तर साठ रोपे. ही साठ रोपे कशाची, हे तोडीच्या परवानगीतच नमूद व्हावे, अशी हरकत जाहीर सूचनेच्या मुदतीत नोंदवता येते. (गुलमोहर मादागास्करचा असला, तरी उभे असलेले मोठे गुलमोहर तोडा, अशी मागणी मात्र कृपया करू नये.)

प्रश्न : आमच्या ग्रामपंचायतीच्या हद्दीतील कातळसड्यावर वृक्षलागवड होणार आहे. झाडे देशीच आहेत. तरीही विरोध करावा का? – एक वाचक, जि. सिंधुदुर्ग

उत्तर : करावा. सडा म्हणजे उघड्या कातळाचे सपाट पठार. ते ओसाड दिसते, म्हणून सरकारी कागदावर तो पडीक ठरतो. पण कातळावरच्या बोटभर मातीत पावसाळ्यापुरत्या उगवणाऱ्या वनस्पतींना मोकळे ऊन लागते आणि तेथे लावलेले देशी झाडही त्यांच्यावर सावलीच धरते. जैविक विविधता अधिनियम, २००२ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असणे बंधनकारक आहे. आपल्या समितीची लोकजैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातील वनस्पती व प्राण्यांची नोंद असलेली वही, काढून पाहावी. सड्यावरच्या वनस्पती तीत नसतील, तर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जाणकारांना सोबत घेऊन त्यांची छायाचित्रांसह नोंद करावी आणि लागवडीची जागा बदलण्याचा ठराव ग्रामसभेत मांडावा. आपल्याच जिल्ह्यातील बांबर्डे-हेवाळे येथील रानजायफळाच्या दलदलीला याच कायद्याखाली जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला आहे. तो दर्जा स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून राज्य शासन देते, त्यामुळे आपल्या सड्यासाठीही पहिले पाऊल ग्रामपंचायतीच्या ठरावाचेच राहील.