प्रोटॉन पंप बंद पडला तर एंडोसायटोसिसचं काय होतं?

"पंप आम्लता वाढवतो हे कळलं, पण पेशीतल्या वाहतुकीशी त्याचा संबंध काय?" असं विचारलंय. नागपुरात एम.एस्सी.च्या मुलांना शिकवताना हा प्रश्न दरवर्षी येतो, आणि तो रास्तच आहे.

एंडोसायटोसिस म्हणजे पेशीने बाहेरचा माल पडद्याच्या पिशवीत गुंडाळून आत घेणं; तो माल आधी एंडोसोम नावाच्या पिशव्यांत येतो. व्ही-एटीपीएज हा पंप एटीपी (पेशीचं ऊर्जा देणारं रसायन) खर्च करून प्रोटॉन एंडोसोमच्या आत ढकलतो. सुरुवातीच्या एंडोसोमात पीएच ६ च्या जरा वर असतो, लायसोसोमात, म्हणजे माल पचवणाऱ्या कप्प्यात, ५ च्याही खाली जातो (पीएच जितका कमी, तितकी आम्लता जास्त). कोणता माल कुठे सुटायचा, हे या उतरत्या पीएचवरच ठरतं.

ट्रान्सफेरिनच बघा ना. हे रक्तातलं लोह वाहणारं प्रथिन. लोह घेऊन ते रिसेप्टरसकट (त्याला पकडणाऱ्या पेशीवरच्या प्रथिनासकट) आत येतं. आम्लतेत लोह सोडतं, पण रिसेप्टरला धरूनच राहतं. दोघं पृष्ठभागावर परततात आणि बाहेरच्या ७.४ पीएचला वेगळे होतात. एलडीएलचं (कोलेस्टेरॉल वाहणाऱ्या कणांचं) उलट: ते आम्लतेत रिसेप्टरपासून सुटून लायसोसोमकडे जातं, रिसेप्टर एकटाच परततो.

मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते पुढचं, जे नोट्समध्ये बहुतेक नसतंच. पंपाचा ए२ उपघटक आम्लता ओळखून एआरएनओला धरतो, तर सी उपघटक एआरएफ६ला; ही दोन्ही पेशीतली वाहतूक चालवणारी प्रथिनं अशी एंडोसोमच्या पडद्याशी जोडली जातात. म्हणजे पुढच्या वाहतुकीत पंप स्वतः सामील असतो.

बॅफिलोमायसिन या औषधी रसायनाने पंप अडवला की बऱ्याच पेशींत माल उशिराच्या एंडोसोमकडे सरकायचा मंदावतो आणि लायसोसोममधलं पचन थांबतं. डिपार्टमेंटमध्ये फ्लुरोसन्स मायक्रोस्कोप असेल तर अ‍ॅक्रिडीन ऑरेंज हा आम्लधर्मी कप्प्यांत साठणारा रंग घालून बघाच. आम्लधर्मी कप्प्यांचे नारिंगी-लाल ठिपके बॅफिलोमायसिननंतर दिसेनासे होतात, हिरवा रंग तेवढा उरतो.